नोकरी सोडून सीसीआयई? गुरुजी, आधी पूर्ण हिशेब मांडू या

पत्र: मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, निवृत्तीला दीड वर्ष राहिलं. मुलगा ईअँडटीसीमध्ये बी.ई. झाला. दोन वर्षांपासून पुण्यात एका आयटी कंपनीच्या नेटवर्क ऑपरेशन्स सेंटरमध्ये आहे. पॅकेज ४.२ लाख, आठवड्याआड रात्रपाळी. सीसीएनए ही परीक्षा त्याने कॉलेजात असतानाच दिली होती. आता म्हणतो, नोकरी सोडून सहा महिने बेंगळुरूला राहतो आणि सिस्कोची सीसीआयई करतो. क्लासची फी पावणेदोन लाख. परीक्षा आणि प्रवास धरून सव्वातीन लाख लागतील असं त्याचं म्हणणं. क्लासवाले नोकरीची हमी देतात. त्याच्या रूममेटच्या भावाला सीसीआयईनंतर १८ लाखांचं पॅकेज मिळालं. मुलाने १० हजार टोकन भरलं आहे, बाकीची रक्कम ईएमआयवर घ्या असं क्लासवाले सांगतात. मी जीपीएफमधून पैसे काढून द्यावेत का? धाकट्या मुलीचं लग्न अजून व्हायचं आहे. मुलाच्या शिक्षणाला मी कधी नाही म्हटलं नाही, पण वाया जायला नकोत. (एक पालक, जिल्हा सोलापूर)

गुरुजी, नमस्कार.

आधी उत्तर देऊन टाकते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागायला नको. जीपीएफला हात लावू नका, आणि मुलाला नोकरी सोडू देऊ नका. पण सीसीआयईचं खूळ डोक्यातून काढ, असंही त्याला सांगू नका. परीक्षा खोटी नाही. त्याच्यासाठी तिची वेळ अजून आलेली नाही, एवढंच.

ही परीक्षा नेमकी काय आहे ते तुम्हाला कुणी नीट सांगितलं असेल असं पत्रावरून वाटत नाही, म्हणून थोडं विस्ताराने लिहिते. सिस्को ही नेटवर्कची उपकरणं बनवणारी अमेरिकन कंपनी. बँकेच्या शाखा मुख्यालयाला जोडायच्या, कारखान्यातली यंत्रं एका जाळ्यात आणायची, तर राउटर आणि स्विच लागतात आणि त्यातले पुष्कळसे या कंपनीचे असतात. ती चालवणाऱ्या माणसांसाठी तिने परीक्षांची उतरंड केली आहे. तळाला सीसीएनए, ती तुमच्या मुलाकडे आहे. मधे सीसीएनपी. वर सीसीआयई, जी १९९३ पासून चालू आहे. पास होणाऱ्याला क्रमांक मिळतो. क्रमांकांची सुरुवात १०२४ पासून झाली आणि तो पहिला आकडा माणसाला न देता परीक्षेच्या प्रयोगशाळेला, म्हणजे लॅबलाच दिला. १०२४ म्हणजे दोनाचा दहावा घात, संगणकवाल्यांची ही आपली एक गंमत.

सीसीआयईचे दोन टप्पे आहेत. पहिला दोन तासांचा पेपर. त्याचं नाव एन्कोर, फी ४०० डॉलर. तो पास झालात की तीन वर्षांच्या आत लॅब, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षा, देता येते. ही लॅब आठ तासांची असते. पहिले तीन तास डिझाइनचे. समोर एका काल्पनिक कंपनीचे नकाशे, कागदपत्रं, ईमेल. तिच्या गरजा समजून घेऊन कुठला पर्याय का निवडाल ते ठरवायचं, आणि पुढच्या प्रश्नावर गेलात की मागे येता येत नाही. उरलेले पाच तास प्रत्यक्ष काम: नेटवर्क उभं करा, चालवा, बिघाड शोधा, सुधारा. दोन्ही भागांत किमान गुण हवेत आणि एकूण बेरीजही पास व्हायला हवी. लॅबची फी १६०० डॉलर, आणि ती दर प्रयत्नाला नव्याने भरावी लागते. भारतातलं कायमचं केंद्र बेंगळुरूला आहे. या रकमा मधूनमधून बदलतात, तेव्हा भरायच्या दिवशी सिस्कोच्या संकेतस्थळावर बघूनच भराव्यात.

आता त्या सव्वातीन लाखांकडे येऊ. मुलाने खोटं सांगितलेलं नाही, पण अर्धंच सांगितलंय. क्लास पावणेदोन लाख. लॅबचे १६०० डॉलर म्हणजे आजच्या दराने एक लाख चाळीस हजारांच्या आगेमागे, कर वेगळा. एन्कोरचे ३५ हजारांच्या आसपास. बेंगळुरूत सहा महिने राहणं-जेवणं काटकसरीने केलं तरी सव्वा ते दीड लाख. आणि कुणीच धरत नाही तो खर्च म्हणजे बुडालेला पगार. ४.२ लाखांच्या पॅकेजला हातात २९-३० हजार येत असतील, तर सहा महिन्यांचे पावणेदोन लाख. बेरीज साडेसहा लाखांच्या पुढे जाते. पहिल्या फटक्यात लॅब निघाली नाही, आणि ती भल्याभल्यांची निघत नाही, तर दुसऱ्या प्रयत्नाचे आणखी एक लाख चाळीस हजार. म्हणजे आठ लाख. त्यात सहा महिन्यांनंतर हातात नोकरी नसताना पुण्यात खोली घेऊन मुलाखती देत फिरण्याचा काळ मी धरलेलाच नाही.

तरीही मी म्हणते, आकडा मोठा आहे म्हणून नको म्हणू नका. आठ लाख घालून बारा-पंधरा लाखांची नोकरी खरोखर लागणार असेल, तर सौदा वाईट नाही. प्रश्न आहे तो लागणार का, हा.

त्याचं उत्तर सिस्कोनेच देऊन ठेवलंय. सीसीआयईला बसायला औपचारिक अट काहीही नाही. डिग्री लागत नाही, सीसीएनपी लागत नाही, कुणीही फी भरून बसू शकतो. पण उमेदवाराकडे पाच ते सात वर्षांचा कामाचा अनुभव असावा, अशी शिफारस कंपनी स्वतः करते. क्लासच्या माहितीपत्रकात ‘अट नाही’ हे ठळक अक्षरात असतं आणि ही शिफारस बहुधा नसतेच.

तुमच्या मुलाची दोन वर्षं कशात गेली असतील ते सांगते. नेटवर्क ऑपरेशन्स सेंटरमध्ये एल-वन म्हणजे पहिल्या पायरीवरचा माणूस. समोर स्क्रीन, कुठल्या शाखेची लिंक पडली की लाल दिवा. त्याने तिकीट, म्हणजे बिघाडाची नोंद, काढायचं, टेलिकॉम कंपनीला फोन लावायचा, ठरलेल्या वेळात सुटलं नाही तर एल-टूकडे ढकलायचं. राउटरमध्ये शिरून बदल करायची परवानगी त्याला सहसा नसते. चूक झाली तर एखाद्या बँकेचं कामकाज बंद पडेल, म्हणून नसते, आणि ते योग्यच आहे. सीसीआयईची लॅब मात्र त्या बदल करणाऱ्या माणसाची परीक्षा आहे. तुमच्या खात्यातलं उदाहरण द्यायचं तर रुजू होऊन दोन वर्षं झालेल्या शिक्षकाने रजा घेऊन केंद्रप्रमुखाच्या परीक्षेची तयारी करावी, तसं हे आहे. पेपर कदाचित सुटेलही. पण शाळा तपासायला गेल्यावर समोरचा मुख्याध्यापक पहिल्या पाच मिनिटांत ओळखेल.

मुलाखतीत हेच होतं. सीसीआयई क्रमांक पाहून समोरचा माणूस सीसीएनएचे प्रश्न विचारत नाही. तो विचारतो, बीजीपीमध्ये (मोठी नेटवर्कं एकमेकांना रस्ता सांगतात ती पद्धत) शेवटचा मोठा बदल कधी केलास? तो उलट फिरवायची वेळ आली होती का? ग्राहक लाइनवर असताना कसं हाताळलंस? क्लासच्या लॅबमध्ये शंभर वेळा बीजीपी जुळवलं असलं तरी या प्रश्नांची उत्तरं तिथे नसतात. मग एचआर हिशेब करतं: अनुभव दोन वर्षं, तोही एल-वनचा, मध्ये सहा महिने रिकामे, आणि अपेक्षा सीसीआयईच्या पगाराची. बऱ्याचदा त्याला एल-टूची जागाच देऊ करतात. ती आठ लाख न घालताही मिळाली असती.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज नाही. मुलाला शेजारी बसवा, नोकरी डॉट कॉम किंवा लिंक्डइनवर सीसीआयई टाकून पुणे, मुंबई, बेंगळुरूच्या जाहिराती काढा, आणि पदाच्या नावाखाली अनुभवाचा जो रकाना असतो तेवढाच वाचत जा. अर्धा तास पुरे. पगाराकडे मुलाचं लक्ष आधीच गेलेलं आहे, या रकान्याकडे गेलेलं नसेल. त्याच बैठकीत रूममेटच्या भावाचाही विषय काढा. १८ लाख मिळाले हे खरं असेल, मी नाकारत नाही. पण ते मिळाले तेव्हा त्याला कामाची किती वर्षं झाली होती, आणि परीक्षेचे पैसे कुणी भरले होते, हे दोन प्रश्न त्याला फोन करून थेट विचारायला सांगा.

दुसरा प्रश्न मुद्दाम घातलाय. सीसीआयईचे पैसे पुष्कळदा उमेदवाराच्या खिशातून जातच नाहीत. सिस्कोची उपकरणं विकून बसवून देणाऱ्या भागीदार कंपन्या असतात. वरचा दर्जा मिळवायचा तर त्यांच्याकडे प्रमाणित माणसं लागतात. एके काळी गोल्ड पार्टनर व्हायला पदरी चार सीसीआयई असावे लागत. कार्यक्रमाचे नियम पुढे बदलत गेले, पण पद्धत रुजली: सहा-सात वर्षं काम केलेला, भरवशाचा इंजिनिअर हेरायचा, त्याची फी भरायची, तयारीला सवलत द्यायची, आणि बदल्यात दोन-तीन वर्षांचा करार करून घ्यायचा. अशा माणसाला सीसीआयई सोन्यासारखी फळते. आखातातल्या नोकऱ्यांसाठीही तिचं वजन आहे. कारण त्या माणसाने काय केलंय हे त्याच्या अनुभवातून दिसतं, आणि क्रमांक त्यावर शिक्का मारतो. तुमच्या मुलाकडे शिक्का मारायला अजून कागदच तयार नाही.

पण त्याच्या बाजूनेही बोलायला हवं. दोन वर्षं रात्री जागून लाल दिवे बघणाऱ्या पोराला यातून सुटायचंय, ही ओढ शंभर टक्के बरोबर आहे. एल-वनवर चार वर्षं काढली तर माणूस तिथेच मुरतो, आणि अलार्म बघून तिकीट काढण्याचं काम आता बरंचसं सॉफ्टवेअरच करू लागलंय. म्हणून त्याला ‘मिळालंय ते बरंय, गप बस’ असं म्हणणं सगळ्यात वाईट. ते ऐकून मुलं गप बसत नाहीत, परस्पर कर्ज काढतात.

त्याला रस्ता द्या. आणि सुदैवाने असा रस्ता आहे की त्यातला अभ्यास सीसीआयईच्या दृष्टीने फुकट जात नाही. वर ज्या एन्कोर पेपरचा उल्लेख केला, तो सीसीआयईच्या लॅबचं प्रवेशद्वार आहेच, शिवाय तोच सीसीएनपी एंटरप्राइजचा, म्हणजे कंपन्यांच्या नेटवर्कच्या शाखेतल्या सीसीएनपीचा, पहिला पेपर आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये सिस्कोने सगळी रचना बदलली तेव्हापासून हे असंच आहे. एन्कोर पास, त्यावर एक ३०० डॉलरचा विषयपेपर पास, की सीसीएनपी हातात. दोन्ही मिळून साठ-बासष्ट हजार, तेही वर्षभरात विभागून, नोकरी चालू ठेवून. दोन वर्षांच्या अनुभवाला सीसीएनपी अगदी शोभून दिसते. मुलाखतीत खपते, कुणी भुवया उंचावत नाही. आणि दोन-तीन वर्षांनी खरंच सीसीआयई करायची झाली तर एन्कोरचा अभ्यास आणि कामाचा सराव दोन्ही गाठीला असतील.

त्याने कॉलेजात असताना सीसीएनए केली म्हणता, तर तिची मुदत आधी तपासायला सांगा. ती तीन वर्षंच चालते. मुदत संपण्याआधी एन्कोर पास झाला तर सीसीएनए आपोआप पुढे सरकते. संपलेलीच असेल तरी बिघडत नाही, एन्कोरला ती लागत नाही.

एन्कोरला पावणेदोन लाखांचा क्लास लागत नाही. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर हे संगणकावरच नेटवर्कचा सराव करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पण सीसीएनएच्या वर ते अपुरं पडतं. मग ईव्ह-एनजी किंवा जीएनएस-थ्री ही तशीच, पण मोठी सॉफ्टवेअरं आहेत, आणि सिस्कोच्या स्वतःच्या सीएमएलची पाच उपकरणांपर्यंतची फुकट आवृत्तीही मिळते. जुन्या लॅपटॉपमध्ये रॅम वाढवून घेतली की ओएसपीएफ, बीजीपी, व्हीपीएन या नेटवर्क जोडायच्या पद्धतींचा सगळा सराव घरच्या टेबलावर होतो. खर्च येतो तो सीसीआयईच्या पातळीवर. तिथे सॉफ्टवेअर-नियंत्रित नेटवर्कचा भाग मोठा आहे आणि त्याचा कंट्रोलर घरच्या मशीनवर पेलत नाही, सरावाच्या उपकरणांचे रॅक भाड्याने घ्यावे लागतात. त्याची आज चिंता नको.

परीक्षेपेक्षाही महत्त्वाचं काम त्याला ऑफिसातच करायचंय, आणि त्याला एक पैसाही लागत नाही. नेटवर्कमधले बदल बहुतेक शनिवारी रात्री, ठरवून घेतलेल्या वेळात होतात, त्याला चेंज विंडो म्हणतात. त्याने आपल्या मॅनेजरकडे जाऊन सांगावं, की मला एल-टूच्या माणसाबरोबर या वेळांना बसू द्या, सुरुवातीला नुसतं बघायला. कुणी आनंदाने शनिवारची रात्र मागत नाही, त्यामुळे नकार क्वचितच येतो. मोठा बिघाड झाल्यावर कारणमीमांसेचा अहवाल लिहावा लागतो, आणि तो लिहायचा सगळ्यांना कंटाळा. त्याने पहिला मसुदा लिहायला मागावा. सहा महिन्यांत त्याच्याजवळ सांगण्यासारखे पाच-सहा खरे किस्से जमतील, आणि मुलाखत त्यांच्यावरच निघते. कंपनी आत वर घेत नसेल, तर हेच किस्से घेऊन बाहेर एल-टूला अर्ज करायचा. नोटीस पिरियड ९० दिवसांचा आहे का, बाँड आहे का, हे आधी नेमणूकपत्रात बघून ठेवावं.

नुसत्या सिस्कोवर विसंबून राहू नये, हेही त्याला सांगा. कंपन्यांचे सर्व्हर क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्याच्या भाड्याच्या यंत्रांवर, सरकले, तसा नेटवर्कवाल्याच्या कामाचाही एक हिस्सा तिकडे गेला. थोडं लिनक्स (सर्व्हर चालवणारी प्रणाली), थोडं पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा), एका क्लाउडचं नेटवर्किंग आणि एक फायरवॉल (नेटवर्कची राखण करणारी यंत्रणा) एवढं हाताशी असलेला सीसीएनपी माणूस आज जास्त ठिकाणी बसतो. फोर्टिनेट या फायरवॉल कंपनीचे स्वतःच्या गतीने शिकायचे ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत आहेत, तिथून सुरुवात करता येईल. सीसीआयईच्या सध्याच्या लॅबमध्येही ऑटोमेशनचा भाग आहेच, तेव्हा पायथन शिकलं ते तिकडेही उपयोगी पडेल.

पैशाच्या बाबतीत माझा एक सल्ला ऐका. एन्कोरची फी मुलाने स्वतःच्या पगारातून भरावी. ३५ हजार म्हणजे त्याचा सव्वा महिन्याचा पगार, चार-पाच महिन्यांत बाजूला पडतो. पास झाला तर पुढच्या पेपरचे पैसे तुम्ही कौतुकाने द्या. यात कंजूषपणा नाही. नोकरी आणि रात्रपाळी सांभाळून जो मुलगा एन्कोर काढतो, त्याच्यात सीसीआयईचा दम आहे की नाही हे तुम्हाला आणि त्यालाही कळेल. नाही निघाला, तर तुमचे आठ लाख वाचले.

आता क्लासबद्दल, कारण मला खरी काळजी त्याचीच वाटते. नोकरीची हमी देतात म्हणता, तर ती स्टँप पेपरवर राहू द्या, साध्या लेटरहेडवर तरी लिहून मागा: कुठल्या पदाची, किमान किती पगाराची, किती दिवसांत, आणि नाही लागली तर फी परत करणार का. लिहून मिळणार नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात हमखास निवडीच्या आणि नोकरीच्या अशा दिशाभूल करणाऱ्या दाव्यांना मनाई केली आहे. आणखी एक गोष्ट हळूच विचारून पाहा: ‘लॅबचं खरं वर्कबुक’ देतो असं ते म्हणतात का? म्हणत असतील तर तो चोरलेल्या प्रश्नांचा धंदा आहे, या क्षेत्रात त्याला डम्प म्हणतात. पकडलं गेलं तर सिस्को प्रमाणपत्र काढून घेते आणि पुढे परीक्षेला बसायलाही बंदी घालू शकते. पाठ करून आलेला मुलगा कसा ओळखायचा हे तुम्हाला मी काय सांगणार! मुलाखत घेणाऱ्यांनाही ते येतं.

आणि तो ईएमआय. बिनव्याजी हप्ता म्हणून जे पुढे करतात ते बहुतेक वेळा एखाद्या वित्तसंस्थेचं तुमच्या किंवा मुलाच्या नावावरचं कर्ज असतं. क्लासला पैसे एकरकमी मिळून जातात. शिकवणी आवडली नाही, शिक्षक बदलला, क्लास बंद पडला, तरी हप्ता थांबत नाही, आणि थकला तर मुलाचा सिबिल स्कोअर बिघडतो. मोबाइलवर आलेला ओटीपी सांगितला की सही झाली असं समजा. म्हणून आजच मुलाला फोन करून सांगा, की क्लासकडून आलेल्या कुठल्याही लिंकवर पॅन, आधार किंवा ओटीपी द्यायचा नाही.

१० हजारांच्या टोकनचं म्हणाल तर पावतीवर परताव्याबद्दल काय छापलंय ते वाचा, आणि प्रवेश रद्द करत असल्याचं ईमेलने कळवून पैसे परत मागा. फोनवर बोलून उपयोग नाही, लेखी हवं. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. पैसे परत आले तर ते एन्कोरच्या फीला लावा. नाही आले, तरी १० हजार गेले म्हणून उरलेले भरायला जाऊ नका.